दोनशे एकोणऐंशी पिढ्यांची खोली

आमच्या खोलीत ऋतू नाहीत. बाहेर काय वाटेल ते चालू असू दे, आत सव्वीस अंश. सकाळी सहाला दिवे लागतात, संध्याकाळी आठला विझतात, आणि हे गेली सत्तावीस वर्षं चाललंय. दारात चपला काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, पांढरा कोट चढवायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं. आत फळ्यांवर ओळीनं ट्रे, ट्रेमध्ये झाकणाच्या छोट्या वाट्या, आणि एकेका वाटीत एकेक अळी. दोघींना एकत्र ठेवलं तर सकाळी एकच उरते, आणि ती चांगली गुबगुबीत झालेली असते. म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र घर. एवढी चैन मला स्वतःला जन्मात मिळालेली नाही.

ही अळी तुम्ही पाहिलेली आहे. टोमॅटो चिरताना आत डोकं खुपसून बसलेली असते ना, तीच. लोक तिला बघून किंचाळतात आणि मी तिला सत्तावीस वर्षं रांधून घालते. पीठ, खमीर, साखर, जीवनसत्त्वांची पूड, सगळं एकत्र शिजवून जेलीसारखं घट्ट करायचं आणि वाटीवाटीत बोटभर ओतायचं. म्हणून ऑफिसातले मला अळ्यांची आत्या म्हणायला लागले. आधी चिडवायला म्हणत, मग अंगवळणी पडलं. आता साहेबसुद्धा मीटिंगमध्ये ‘आत्यांना विचारा’ म्हणतात आणि कोणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.

तिथे वेळ वेगळा चालतो. अंडं तिसऱ्या दिवशी काळपट होतं, चौथ्या दिवशी त्यातून केसाएवढी अळी निघते. ती पाच वेळा कात टाकते. कात टाकायची वेळ आली की ती जेवण सोडते, मान उचलते आणि कोणीतरी हाक मारली आहे अशी बसून राहते. मग डोक्यावरची जुनी टोपी पुढे सरकते आणि गळून पडते. मोहरीपेक्षा लहान, तपकिरी, चकचकीत टोपी. मी त्या काचेच्या बाटलीत जमवत आलेय. कशाला, ते मला विचारू नका. शेवटी कोष, कोषातून मातकट रंगाचा पतंग, त्याला कापसाच्या बोळ्यावर साखरेचं पाणी, आणि टांगलेल्या कापडावर पुन्हा अंडी. पस्तीस दिवस झाले की दारावरच्या फळ्यावरचा आकडा मी पुसायचा आणि एकानं वाढवायचा. मुलांची लग्नं कधी झाली ते मला साल विचारलं तर सांगता येत नाही, पिढी विचारा. थोरल्याचं एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पिढीत झालं.

दुपारी सगळे जेवायला गेले की मी स्टुलावर बसून ट्रेच्या कपाटाला डोकं टेकते. कपाट कोमट असतं. डोळे मिटले की मला खाण्याचा आवाज येतो, नऊशे तोंडांचा, अगदी बारीक. चिमटा म्हणते की भास आहे, जेली खाताना आवाज होत नाही. चिमटा म्हणजे आमची संशोधक पोर. हातात सदा चिमटा असतो म्हणून हे नाव, आणि जीभही तशीच आहे. पण तिला काय माहीत? तिला इथे येऊन दीड वर्ष झालंय.

या अळ्यांचं काम एकच: त्यांनी कधी विष पाहिलेलं नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी आणलेल्या त्यांच्या पणज्यांनीही पाहिलं नव्हतं. बाहेर वाफ्यांतल्या अळ्यांवर लोक फवारत राहतात, आणि ज्या वाचतात त्यांची पोरं वाढत जातात, अशी ती दिवसेंदिवस निबर होत जातात. किती निबर झाल्या हे कळायचं तर समोर एक कोरी अळी हवी. तराजूत एका बाजूला वजन टाकतात ना, ते वजन म्हणजे माझी खोली. पाठीवर सुईनं विषाचा एक थेंब ठेवायचा आणि दहाच्या दहा मरायला विष किती कडक लागतं ते बघायचं. जुन्या वहीत माझ्या खोलीचा आकडा होता दोन. बाहेरच्या अळीला दोनच लागलं, तर विष चालतंय. जास्त लागलं, तर तिथे ते विष थांबवून दुसरा उपाय सांगायचा.

आता मी काय केलं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

दोन वर्षांपूर्वी, दोनशे अठ्ठावन्नाव्या पिढीला, माझ्या अळ्या खंगायला लागल्या. आपापसातच लग्नं होऊन होऊन रक्त पातळ झालेलं. अर्धी अंडी फुटेनात. कोषातून पतंग निघाले ते चुरगळलेल्या पंखांचे, कापडापर्यंत चढायची ताकद नाही, ट्रेच्या तळाशी गोल गोल फिरायचे. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, तापमान तेच, जेवण तेच. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, “होतं असं. सावरतील.” ते फिरणारे पतंग माझ्या स्वप्नात यायला लागले. स्वप्नात मी वाटीत असायचे, वर झाकण उघडायचं आणि कोणीतरी डोकावून म्हणायचं, ही पण गेलीच आहे.

त्या वर्षीच्या सुट्टीत मी धाकटीकडे गेले होते. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. गावाबाहेर तिची भाजीची जमीन आहे, टोमॅटो, कोबी, वांगी. मी तिच्याबरोबर वाफा खुरपत होते आणि मातीत चार कोष लागले. तांबूस, टणक, हातात घेतले की शेपटी वळवणारे. असे जिवंत कोष मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. शेपटाकडची रेघ बघितली: दोन माद्या, दोन नर.

“रुमाल दे गं,” मी म्हटलं.

“कशाला? नवा आहे तो.”

“दे म्हटलं ना.”

“आणि परत कधी देणार?” असं म्हणून धाकटीनं दिला.

मी ते चार कोष रुमालात गुंडाळून खोलीत आणले. धुतले, आठवडाभर वेगळे ठेवले, रोग नाही ना बघितलं. मग पतंग निघाल्यावर हळूच मोठ्या पिंजऱ्यात सोडून दिले. कोणाला सांगितलं नाही. आजारी लेकरांच्या घरात दोन तगड्या सुना आणि दोन जावई आणले, एवढंच माझ्या मनात होतं. दोन महिन्यांत अंडी फुटायला लागली, पंख ताठ झाले, खोली पुन्हा भरली. मी इतकी खूश होते की सगळ्या ऑफिसला चहा दिला, आणि कशाबद्दल ते कोणालाच कळलं नाही.

मग सहा महिन्यांनी चिमटा आली. तिनं माझ्या अळ्यांवर थेंब टाकून बघितला आणि तिचा आकडा आला सहा.

“आत्या, वहीत दोन लिहिलंय,” ती म्हणाली. “तिप्पट फरक कसा? तुमची जुनी सुई थेंब मोठा सोडत होती का?”

मी त्या वेळी ट्रे पुसत होते. ते चार कोष माझ्या डोळ्यांसमोर आले आणि मी ते लगेच मिटून टाकले.

“हो,” मी म्हटलं, “जुनी सुई सैलच होती.”

तिनं जुना आकडा खोडला आणि सहा लिहिला. पोरीनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, यात तिचं काय चुकलं? आणि मीही त्या शब्दावर विश्वास ठेवला. ठेवायचाच असं ठरवलं की जमतं. नंतरचं वर्षभर मी त्या खोलीत चांगली सुखात होते.

या वर्षी धाकटी आली, झाकणाला भोकं पाडलेला डबा घेऊन. आत माझ्याच जातीच्या चाळीसेक अळ्या.

“ताई, या मरतच नाहीत गं,” ती म्हणाली. “दुकानदार म्हणतो पंपात विषाचं आणखी एक झाकण घाल, मी घालते. मग म्हणतो दोन घाल. सगळं फवारून झालं तरी या आपल्या टोमॅटोत बसलेल्या.”

बोलताना तिनं हात पाठीमागे धरले होते. मी ओढून पुढे घेतले. बोटांची सालं निघाली होती, आतली कातडी गुलाबी आणि चिरलेली.

“बघ ना,” ती हसून म्हणाली, “मीपण कात टाकतेय.”

मला हसू आलं नाही. मी तिला मलम लावून दिलं, निदान हातमोजे तरी घाल म्हणून रागावले आणि डबा चिमटाकडे दिला. चार दिवसांनी आकडा आला आठ. चिमटा फळ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आपला सहा, यांचा आठ. किरकोळ फरक आहे. अळ्या नेहमीच्याच आहेत, विषही चालतंय. फवारण्यात काहीतरी चुकतंय त्यांचं.” तिनं तसं पत्र लिहिलं. साहेब सोमवारी सही करणार होते, आणि ते पत्र त्या भागातल्या सगळ्या भाजीवाल्यांना जाणार होतं: विष तेच ठेवा, नीट फवारा.

मी फोनवर धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, “असेल बाई. मी कुठे शिकलेय. उद्यापासून पहाटे फवारून बघते, वारा नसतो. आणि एक झाकण वाढवते.”

“थांब दोन दिवस,” मी म्हटलं. “मी सांगेपर्यंत बाटलीला हात लावू नकोस.”

“का?”

“थांब म्हटलं ना.”

त्या दुपारी मी खोलीत जेवणाचा डबा उघडून बसले. आत खायची बंदी आहे, ठाऊक आहे मला. पावाचे दोन तुकडे आणि एक टोमॅटो. खोलीत तो कोमट शांतपणा होता, आणि माझं निम्मं लक्ष झोपेत होतं. मी टोमॅटोची एक फोड कापली आणि का कोण जाणे, एक वाटी उघडून तिच्यात ठेवली. पूर्वी नवीन लोक आले की मी हा खेळ करून दाखवायची. माझ्या अळ्यांना पान, फळ काही कळायचं नाही. इतक्या पिढ्या जेलीवर गेल्या होत्या की टोमॅटो समोर आला तर त्या त्याच्यावरून चालत जायच्या, थांबायच्या, पुन्हा जेली शोधायच्या. लोक हसायचे. बिचाऱ्या घरचं जेवण विसरल्या म्हणायचे.

ही विसरली नव्हती. तिनं एकदा डोकं टेकवलं, दोनदा टेकवलं, आणि सरळ आत शिरली. हळूहळू, घाई न करता, मागचे पाय तेवढे बाहेर राहिले. मी दुसरी वाटी उघडली. तिसरी. दहा वाट्या उघडल्या, प्रत्येकीत एकेक फोड ठेवली. आठजणी आत शिरल्या. टोमॅटोच्या फोडींतून आठ शेपट्या बाहेर आलेल्या, आणि खोलीत सगळीकडे तो कच्चा हिरवट वास, धाकटीच्या वाफ्याचा. मला वाटलं मी अजून झोपेतच आहे आणि या सगळ्या मला ओळखीचं काहीतरी सांगतायत.

मी उठले, हात धुतले. चिमटाची सुई घेतली आणि दहा नव्या अळ्यांच्या पाठीवर दोनचा थेंब ठेवला. जुन्या वहीतला दोनचा. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणं उघडली तेव्हा तीन मेलेल्या होत्या आणि सात जेवत होत्या.

सुई कधीच सैल नव्हती. माझी खोलीच धाकटीच्या वाफ्यातली झाली होती. मी दोन वर्षं बाहेरच्या अळ्या वाढवत होते आणि चिमटा बाहेरच्या अळ्या बाहेरच्याच अळ्यांशी ताडून बघत होती. फरक कुठून दिसणार? आणि त्या न दिसलेल्या फरकापायी माझी बहीण हाताची सालं काढून घेत होती, वर चूक तिचीच म्हणून.

खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी दिवसभर गप्प राहिले. बोलले तर खोली जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. खराब झालेलं वजन कोणी ठेवत नाही. नऊशे वाट्या थंड कपाटात जाणार, आणि चिमटाचं दीड वर्षही त्यांच्याबरोबर. मी ट्रे पुसले. पुसलेले पुन्हा पुसले. एका अळीची कात निघत होती, तिची टोपी पडेपर्यंत बघत बसले. सत्तावीस वर्षांत मला या खोलीबाहेर काही सुचलेलं नाही, आणि आता तर मी खूप दमले होते. संध्याकाळी दिवे विझायच्या आधी मी चिमटाच्या टेबलाजवळ गेले.

“सुई सैल नव्हती,” मी म्हटलं.

“कोणती सुई?”

मग मी सगळं सांगितलं. रुमालापासून.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं चिमटा टेबलावर ठेवला, अगदी सरळ, कडेला समांतर. मग म्हणाली, “मी तुम्हाला विचारलं होतं, आत्या.”

“हो.”

“मी तुम्हाला विचारलं होतं ना?”

साहेबांनी पत्रावर सही केली नाही. माझ्याकडून खोलीची किल्ली घेतली, तीही शांतपणे, चष्मा पुसत. फक्त म्हणाले, “शेवटचं काम तुम्हीच करा. तुमच्याइतकं व्यवस्थित दुसऱ्या कोणाला जमणार नाही.” ही शिक्षा होती की मान होता, ते मला आजही कळलेलं नाही. मी दोन दिवस ट्रे उचलून थंड कपाटात ठेवत होते. थंडीत त्यांना झोप लागते, त्रास होत नाही. निदान मी सगळ्यांना तसंच सांगत आलेय. कापडं उकळली, पिंजरे धुतले, फळ्यावरचं दोनशे एकोणऐंशी पुसलं. दिवे मात्र सकाळी सहाला आपले लागत राहिले, रिकाम्या फळ्यांवर.

पुढचे दोन महिने मला भांडी धुवायच्या खोलीत बसवलं. चिमटा समोरून जायची, बोलायची नाही. धाकटीचे फोन यायचे. तिनं माझं ऐकून फवारणी बंद ठेवली होती आणि हातानं अळ्या वेचत होती. “किती दिवस थांबू गं?” ती विचारायची, आणि मी म्हणायची, “थोडं थांब.” का ते विचारायची, तेवढं मी सांगायची नाही.

एके दिवशी चिमटा भांड्यांच्या खोलीत आली आणि माझ्यापुढे एक जाड पाकीट ठेवलं. दूरच्या एका संस्थेचं होतं. अकरा वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी आमच्याकडून अंडी मागवली होती, एकशे पासष्टाव्या पिढीची, आणि ती मीच पाठवली होती. ते मी पार विसरून गेले होते. चिमटानं जुन्या वह्या उलटसुलट करून तो पत्ता शोधला होता. आता त्या लोकांनी त्यांच्याकडची अंडी पाठवली होती, कापडाच्या पट्टीवर, ओलसर कापसात. आणि सोबत एक पिवळा पडलेला कागद. अकरा वर्षांपूर्वी अंड्यांबरोबर मी लिहून दिलेला. तो त्यांनी दारावर चिकटवून ठेवला होता, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीच्या खुणा होत्या.

माझंच अक्षर. ‘एका वाटीत एकच ठेवा. पान दाखवू नका. पुढे त्या अशक्त दिसतील, अंडी फुटणार नाहीत, पंख चुरगळतील. कितीही दया आली तरी बाहेरचा एकही जीव आत घेऊ नका.’

मी तो दोनदा वाचला. मग पदरानं, नाही, कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. परक्या माणसांनी माझं ऐकलं होतं.

“वाचलात?” चिमटानं विचारलं.

“वाचलं.”

“मग चला. चपला बाहेर काढा.” आणि तिनं खोलीचं दार उघडून धरलं.

चौथ्या दिवशी त्या फुटल्या. किरकोळ, फिकट, निम्मी अंडी वायाच गेली. त्यांना टोमॅटोची फोड दाखवली तर त्या तिच्यावरून चालत गेल्या आणि दुसऱ्या बाजूला उतरल्या. चिमटाला हसू आलं. मला हसू आणि रडू एकदम आलं, त्याची मला लाज नाही. पुरेशा मोठ्या झाल्यावर चिमटानं सुई माझ्या हातात दिली. मी दहाजणींच्या पाठीवर दोनचा थेंब ठेवला. सकाळी झाकणं उघडली, आणि दहाच्या दहा मेलेल्या होत्या. माझ्याच होत्या त्या.

चिमटानं वहीत सहा खोडून पुन्हा दोन लिहिलं. धाकटीकडून नव्यानं मागवलेल्या अळ्यांचा आकडा पुन्हा आठच आला. चौपट. साहेबांनी दुसऱ्या पत्रावर सही केली: त्या भागात हे विष बंद करा, वाढवू तर मुळीच नका, आणि पर्याय दाखवायला माणूस येईल.

मी धाकटीला फोन लावला. तिच्या पाठीमागे पाण्याचा पंप चालू होता.

“तुझं काही चुकत नव्हतं,” मी म्हटलं. “फवारणी बरोबर होती. अळ्याच निबर झाल्यात.”

“खरंच?”

“खरंच. लिहून देतायत.”

ती रडायला लागली. इतके दिवस सालं निघालेल्या हातांनी अळ्या वेचताना रडली नव्हती, ती आता. मी थांबले. पंपाचा आवाज येत राहिला.

मग नाक ओढत ती म्हणाली, “मग आधी माझं चुकतंय असं कसं काय आलं? कोणाचं चुकलं?”

“माझं.”

“तुझं कसं?”

“तुझ्या वाफ्यातून चार कोष आणले होते, आठवतं? ते मी खोलीत सोडले. माझ्या मरत होत्या गं. बघवेना मला. आणि मग विचारलं तेव्हा बोलले नाही.”

कोणीतरी पंप बंद केला. मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि माझ्या पाठीमागे, बारीक, वाट्यांमधलं जेवण चालू होतं.

“हात दुखायचे गं माझे, ताई,” शेवटी ती म्हणाली. “भांडी घासताना जीव जायचा.”

“माहीत आहे.”

“तुला माहीत होतं?”

“सगळं नाही. थोडं होतं.”

मी फोन कानाला लावून उभी राहिले. तिनं ठेवला असता तरी मी काही म्हटलं नसतं.

“रुमाल परत दे माझा,” धाकटी म्हणाली. “रविवारी घेऊन ये. आणि जेवायला थांब.”